पुसलेला आवाज

पिंगळेताईंनी मला पाहण्याआधी ऐकलं. मी तेव्हा इंदूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते. त्यांनी पुण्याला बहिणीसाठी कॉल बुक केला होता आणि लाइन काही लागत नव्हती, म्हणून मी अधूनमधून फोन करून त्यांना थोडं थांबायला सांगत होते. शेवटी लाइन लागली, बहिणीशी बोलणं झालं, आणि जरा वेळानं बाईंचा एक्स्चेंजला पुन्हा फोन आला. मला वाटलं, आता तक्रार.

"मघाशी तुम्हीच बोलत होतात ना?" त्या म्हणाल्या. "मराठी आहात वाटतं. आकडे गिळत नाही तुम्ही. शनिवारी दुपारी काय करता?"

शनिवारी दुपारी मी काही विशेष करत नव्हते. त्यांनी पत्ता सांगितला आणि मी गेले. का गेले, ते आजही नीट सांगता येत नाही. त्या आवाजात अशी काही खात्री होती की नाही म्हणायचं सुचलंच नाही.

जुन्या इंदुरात एका सेवाभावी संस्थेच्या इमारतीत मागच्या अंगाला ती खोली होती. चारी भिंतींना जाड चादरी टांगलेल्या. छपाई बिघडलेला मिलचा माल होता तो, आवाज घुमू नये म्हणून लावलेला. मध्ये टेबल, त्यावर टेपरेकॉर्डर आणि मायक्रोफोन. कॉलेजात शिकणाऱ्या अंध मुलांसाठी इथं अभ्यासाची पुस्तकं मोठ्यानं वाचून कॅसेटवर घेतली जात. वर पंखा होता, पण तो लावायचा नाही, कारण त्याची घरघर टेपवर येते. पिंगळेताई पन्नाशीच्या, ठेंगण्या, सुती पातळ नेसलेल्या, गालात एक लवंग धरून बसलेल्या. त्यांनी मला बसवलं, माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बांगड्या काढा."

मी मनगटावर हात ठेवला. माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते.

"पान उलटताना वाजतात," त्या म्हणाल्या. "देव समजून घेतो हो, मायक्रोफोन नाही घेत."

मी बांगड्या काढून पर्समध्ये ठेवल्या. पुढे कितीतरी शनिवारी त्या अशाच काढल्या. घरी सासूबाईंना हे कधीच कळलं नाही.

ताईंचे यजमान मिलच्या ऑफिसात होते, ते लवकर गेले. नंतर मिलच्या कामगार कल्याण केंद्रात ताईंना शिकवायचं काम मिळालं. पाळी सुटली की कामगार यायचे, अंगावर कापसाचे तंतू तसेच, आणि चाळिशी उलटलेली माणसं पाटीवर अक्षरं गिरवायची. त्यांत नामदेव भालेराव नावाचे एक होते, स्पिनिंग खात्यातले. परदेशीपुऱ्यात राहायचे आणि दर वर्षी चौदा एप्रिलला न चुकता बायकामुलांना घेऊन महूला जायचे. त्यांचा मुलगा मिलिंद शाळेत असताना तापात आंधळा झाला होता. पोरगा हुशार. त्यानं वकील व्हावं अशी बापाची इच्छा. पण त्याला पुस्तक वाचून कोण दाखवणार? म्हणून नामदेवराव स्वतः वाचायला शिकत होते.

एकदा ताईंनी त्यांना विचारलं, "काय, मिलिंदला वाचून दाखवता की नाही?"

"दाखवतो नी ताई," ते म्हणाले. "पण मी एक लाइन संपवेपर्यंत तो झोपून राहतो."

ताई हे सांगताना हसायच्या आणि मग लगेच हसणं थांबवायच्या. त्या आठवड्यात त्यांनी कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणला आणि मिलिंदचं इतिहासाचं पुस्तक वाचून दिलं. त्याच्याकडून ते दुसऱ्या मुलाकडे गेलं, मग तिसऱ्याकडे. पुढे संस्थेनं खोली दिली, मशीन दिलं, आणि आमच्यासारख्या वाचणाऱ्या बायका ताईंनी इकडून तिकडून गोळा केल्या.

त्यांचे नियम पक्के होते. पुस्तक विकत घेतल्याशिवाय वाचायचं नाही. "लिहिणाऱ्याचं नुकसान करून आपल्याला पुण्य नको," म्हणायच्या. प्रकाशकाला परवानगी मागणारं पत्र टाकायचं. इंदूरचे, भोपाळचे छोटे प्रकाशक उलट टपाली 'खुशाल वाचा' असं कळवायचे. दिल्लीच्या मोठ्या प्रकाशकांकडून उत्तर येत नसे; पण मुलांच्या परीक्षा थांबत नसत, म्हणून ताई ती पुस्तकं तशीच वाचायला घ्यायच्या. कथा-कादंबऱ्या आम्हा बायकांकडे. कायदा, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र असली जाड पुस्तकं त्या स्वतःकडे ठेवायच्या. ती सगळी दिल्लीची.

मी एकदा एक दुःखी गोष्ट वाचत होते आणि माझा आवाज कापायला लागला. ताईंनी बटण दाबून मशीन थांबवलं.

"रडायचंय तर रडून घे," त्या म्हणाल्या. तोवर मी त्यांची 'तू' झाले होते. "पण टेप बंद ठेवून. कुठं रडायचं ते त्या पोरांना ठरवू दे."

त्यांचं स्वतःचं वाचणं विलक्षण साधं होतं. ना चढ, ना उतार, ना घाई. तरी वाक्य संपेपर्यंत त्याचा अर्थ तुमच्या हातात ठेवलेला असायचा. पुस्तकात आकृती आली की आम्ही सगळ्या ती सोडून पुढे जायचो. ताई नाही. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणी-पुरवठ्याच्या दोन रेषा एकमेकींना छेदतात, ती आकृती त्यांनी अशी सांगितली होती: "उजव्या हाताचा पंजा डावीकडून उजवीकडे वर चढवा. डाव्याचा वरून खाली उतरवा. जिथं दोन्ही हात एकमेकांना लागले, तिथं भाव ठरला." पुढे कुठल्याशा कॉलेजच्या वर्गात सरांनी तो प्रश्न विचारला, तर मागच्या बाकावरची दोन अंध मुलं हवेत हात फिरवायला लागली, आणि सर त्यांच्यावर चिडले. ही गोष्ट मिलिंद फार रंगवून सांगायचा.

मग मिल बंद पडली. एका दिवसात नाही पडली. आधी एक पाळी गेली, मग वीज तुटली, मग फाटकाला कुलूप लागलं. कल्याण केंद्रही त्याबरोबर गेलं. नामदेवराव सवारीच्या टेम्पोवर किन्नर झाले, मागे उभं राहून भाडं गोळा करायला लागले. छातीत कापूस भरलेला, धुरानं खोकला आणखी वाढला. आमच्या जुन्या कॅसेटींवर कुठं कुठं मागे मिलचा भोंगा ऐकू यायचा. भोंगा झाला की ताई वाचता वाचता थांबायच्या, तो संपला की पुढे. आता थांबावं लागत नव्हतं.

"रेकॉर्डिंग एकदम साफ होतंय आता," एक दिवस त्या म्हणाल्या आणि टेबलावरची धूळ पुसत राहिल्या.

देशाचे दरवाजे उघडण्याचे दिवस होते ते. आमच्या एक्स्चेंजबाहेर गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ झाले आणि ट्रंक कॉल मागणारे कमी होत गेले. बाजारात बाहेरचा माल आला. त्याबरोबर बाहेरच्यांच्या अटीही आल्या. तुमच्याकडे आमची पुस्तकं, गाणी, सिनेमे बिनधास्त नकलले जातात, ते थांबवा, नाहीतर तुमच्या मालाला आमच्याकडे वाट मिळणार नाही, असं मोठे देश आपल्या सरकारला सांगत होते. पेपरात ते यायचं. आम्ही वाचायचो आणि पान उलटायचो. कायदा कडक झाला, कॅसेटच्या दुकानांवर छापे पडले. त्यात आमचा काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

तेवढ्यात एका पेपरवाल्यानं ताईंवर लेख लिहिला. चांगल्या मनानं लिहिला. सोबत फोटो, मागे कॅसेटींचं कपाट, आणि कुठली कुठली पुस्तकं ताईंच्या आवाजात आहेत त्यांची नावं. महिन्याभरात दिल्लीच्या एका प्रकाशकाची संस्थेला नोटीस आली, आणि पाठोपाठ त्यांचा इथला प्रतिनिधी आला. डोंगरे नाव. इंदूरचाच, आपल्यातला. खोलीत येताना त्यानं चपला बाहेर काढल्या. मी होते, आणि एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला असलेला मिलिंद होता.

"ताई, पेपरात वाचलं तुमचं काम. खरं सांगतो, अभिमान वाटला," तो म्हणाला. "पण तोच पेपर दिल्लीला पण पोचला नी."

"मी दिल्लीला लिहिलं होतं," ताई म्हणाल्या. "परवानगी मागितली होती. उत्तर नाही आलं."

"उत्तर कोण देणार? त्यातली निम्मी पुस्तकं मूळ बाहेरची. आमच्याकडे फक्त इथं छापायचा हक्क. आवाजाचा हक्क कुणाकडे, ते आमच्या साहेबांना पण माहीत नाही. आणि वरून इतकं प्रेशर आहे की कुणी सवलत द्यायला तयार नाही. आज तुम्हाला दिली, उद्या तो कॅसेटवाला म्हणेल, मी पण आंधळ्यांसाठीच बनवून राहिलो."

मिलिंद म्हणाला, "स्वतःच्या अभ्यासासाठी वापर केला तर कायद्याची हरकत नाही. लिहिलंय त्यात."

"स्वतःच्या, भिया," डोंगरे इंदुरी पद्धतीनं त्याला भाऊ म्हणत बोलला. "कॅसेट बनवून गावभर वाटायला नाही लिहिलं."

"मग काय करायचं?"

"पुस्तक विकत घ्या. कोण रोखतंय?"

मिलिंदनं झोळ्यात हात घालून पुस्तक काढलं आणि आवाजाच्या दिशेनं पुढे केलं. "घेतलंय. आता वाचू कसं ते सांगा."

डोंगरेनं पुस्तक हातात घेतलं, उघडलं, मिटलं. मग तो ताईंकडे वळला. "तोंडी वाचून दाखवा ना ताई. त्याला कुणाची ना नाही. समोर बसवून दिवसभर वाचा. फक्त मशीन नको."

तो वाईट माणूस नव्हता. जाताना त्यानं मिलिंदचा हात धरून त्याला पायरी दाखवली. मिलिंदला त्या पायरीची सवय होती, तरी त्यानं हात सोडवून घेतला नाही.

संस्थेच्या अध्यक्षांनी ताईंना बोलावून सांगितलं की कोर्टकचेरी आपल्याला झेपणार नाही. परवानगीचं पत्र नसलेल्या सगळ्या पुस्तकांच्या कॅसेटी पुसून टाकू असं त्यांनी लिहून दिलं. मुलांकडे गेलेल्या कॅसेटी परत मागवल्या. मला वाटलं होतं, एखादा तरी ठेवून घेईल, हरवली म्हणून सांगेल. कुणी तसं केलं नाही. ताईंनी मागितल्या म्हणून काठी टेकत टेकत आले आणि टेबलावर ठेवून गेले. एका मुलीनं तर रिवाइंड करून आणल्या होत्या.

कॅसेट पुसायला वेळ लागतो. मायक्रोफोनची वायर काढायची, रेकॉर्डचं बटण दाबायचं, आणि जितका वेळ बोलणं होतं तितका वेळ त्यावर काहीच नाही असं भरत जायचं. ते काम संस्थेचा शिपाईही करू शकला असता. ताईंनी कुणाला हात लावू दिला नाही. आधी कॅसेट सुरू करून स्वतःचा आवाज ऐकायच्या, 'प्रकरण पहिलं' एवढंच, कुठलं पुस्तक ते कळण्यापुरतं. मग थांबवून बटण दाबायच्या आणि खुर्चीत बसून राहायच्या. आता पंखा लावायला हरकत नव्हती. तरी त्या लावत नव्हत्या.

मिलिंद आला तेव्हा त्याच्या कायद्याच्या पुस्तकाची पाळी होती. परीक्षा तोंडावर आली होती.

"ही तेवढी राहू द्या ताई," तो म्हणाला. "कुणाला कळणार नाही."

"तू वकील होणार आहेस."

"म्हणूनच बोलून राहिलो. हा कायदा आपल्याला बघून बनवलेलाच नाही. आपण आहोत हे त्यांना माहीतच नाही."

"तसंच असेल. कायदा चुकीचा आहे असं मलाही वाटतं. पण आपण लपूनछपून तो मोडला, तर चुकीचा आहे हे उघडपणे सांगणार कोण?"

"तुम्ही घाबरलात, ताई."

"हो," ताई म्हणाल्या. "ही खोलीच बंद झाली तर बाकीची पोरं कुठं जातील, ह्याला घाबरले."

मिलिंद उठून गेला. ताईंनी बटण दाबलं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघण्याचं धैर्य मला झालं नाही.

त्यानंतर तो फिरकला नाही. मी गेले की ताई विचारायच्या, "मिलिंद कुठं दिसला का ग?" आणि मी नाही म्हटलं की मान हलवायच्या. शेवटी एका दुपारी त्यांनी ते जाड पुस्तक पिशवीत घातलं, डोक्यावर पदर घेतला आणि टेम्पोनं परदेशीपुऱ्याला गेल्या. मी सोबत होते. एप्रिलचं ऊन. भालेरावांच्या दारात मिलिंद बाजेवर बसला होता. ताईंची चाहूल त्यानं ओळखली, पण उठला नाही. ताई ओट्यावर टेकल्या, चष्मा पुसला आणि वाचायला लागल्या. कॅसेट परत देताना जिथपर्यंत त्याचं ऐकून झालं होतं, तिथून. ना विचारपूस, ना समजूत.

आतून नामदेवरावांनी खोकत खोकत आवाज दिला, "ताई, आत या. ऊन लागून राहिलंय तिथं."

ताईंनी वाक्य पूर्ण केलं. मग पानात बोट ठेवून म्हणाल्या, "मिलिंदला विचारा."

मिलिंद उठला, बाज ओढून सावलीत आणली आणि म्हणाला, "बसा."

त्या दिवसापासून परीक्षेपर्यंत त्या रोज जात राहिल्या. आणि तो एकटाच नव्हता. प्रत्येकाचा विषय वेगळा, वर्ष वेगळं, राहायची जागा वेगळी. पूर्वी एक प्रकरण एकदा वाचलं की ते वर्षानुवर्षं किती जणांना पुरायचं. आता तेच प्रकरण सकाळी एकाला, दुपारी दुसरीला, संध्याकाळी आणखी कुणाला. आम्ही बायकाही वाचायचो, पण नोकऱ्या सांभाळून किती वाचणार? आणि मुलांना ताईंचाच आवाज हवा असायचा. त्यांच्या डोक्यात सगळा अभ्यास त्याच आवाजात भरलेला होता.

मिलिंद पास झाला. नामदेवरावांनी गल्लीत जिलेबी वाटली आणि ताईंना द्यायला स्वतः जुन्या इंदुरात आले. तेव्हा ताईंचा आवाज बसलेला होता. आम्हाला वाटलं, दगदग. लवंगेच्या जागी ज्येष्ठमध आलं, मग गरम पाण्याच्या गुळण्या, मग कुणाचा तरी काढा. आवाज काही सुटेना. पावसाळा संपता संपता मी त्यांना जबरदस्तीनं मोठ्या दवाखान्यात नेलं. घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, ताई वाचल्या, आणि आवाज गेला तो कायमचा.

मी डॉक्टरांना एकटी असताना विचारलं, फार वाचल्यानं असं होतं का? ते म्हणाले, असं काही नसतं बाई, हा आजार कुणालाही होतो. मी ते ताईंना सांगितलं, मिलिंदला सांगितलं, सगळ्या मुलांना सांगितलं. कुणी वाद घातला नाही आणि कुणाचा विश्वासही बसला नाही.

नंतर एकदा मी त्या खोलीत जाऊन कपाटातल्या उरलेल्या कॅसेटी लावून पाहिल्या. परवानगीची पुस्तकं होती, कथा, कविता. माझा आवाज होता, इतर बायकांचे होते. ताईंचा कुठंच नव्हता. अवघड पुस्तकं त्यांनी स्वतःकडे ठेवली होती, आणि नेमकी तीच पुसायची होती.

बऱ्याच वर्षांनी कायदा पुन्हा बदलला. जे वाचू शकत नाहीत त्यांच्यासाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात करून द्यायला आता कुणाची हरकत राहिली नाही. मिलिंद तेव्हा कोर्टात चांगला रुळला होता. त्यानं मला फोन केला. ती तरतूद त्याच्या कॉम्प्युटरनं त्याला वाचून दाखवली होती, ती त्यानं मला शब्दशः ऐकवली. मग म्हणाला, "एवढंच लिहायचं होतं, मावशी. एवढ्याला किती वेळ लावला लोकांनी." ताईंना जाऊन तेव्हा बराच काळ झाला होता. मी हो म्हटलं.

पण मला ताई आठवतात त्या ऑपरेशननंतरच्या. घरी आणल्यावर पहिल्यांदा मिलिंद भेटायला आला, ती दुपार. गळ्याला पांढरी पट्टी, मांडीवर पाटी. मिलिंद समोरच्या खुर्चीवर बसला. त्याला दिसत नव्हतं आणि त्यांना बोलता येत नव्हतं. त्या पाटीवर लिहायच्या, मी वाचून दाखवायचे, तो उत्तर द्यायचा. बाबा कसे आहेत. कुठल्या वकिलाकडे लागलास. कोट शिवला का. असं थोडा वेळ चाललं आणि मग दोघंही थांबले. मी मध्ये आहे हे तिघांनाही जड व्हायला लागलं होतं. मी चहाचं निमित्त करून आत गेले.

चहा गाळून बाहेर आले तर पाटी जमिनीवर होती. ताईंनी खुर्ची पुढे ओढून मिलिंदचा हात हातात घेतला होता आणि त्याच्या तळव्यावर बोटानं काहीतरी काढत होत्या. डोळे जाण्याआधी तो शाळेत अक्षरं शिकला होता, ती त्याच्या ध्यानात होती. मान खाली घालून, कपाळाला आठ्या घालून, तो एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत होता.

"जे," तो म्हणाला. "व. ला. स." मग थोडं थांबून, "का."

मी उंबऱ्यातच उभी राहिले. मिलिंदनं तळवा मिटला.

"नाही ताई," तो म्हणाला. "अजून नाही जेवलो."

ताई उठल्या. माझ्या बाजूनं आत गेल्या आणि गॅस पेटवला.